टांगती टाकी

आधीच सांगतो, ही गोष्ट खरी आहे. पटणार नसेल तर इथेच थांबा. पूर्ण वाचून वर मलाच वेड्यात काढू नका.

घडली ती माझ्या सख्ख्या मामीच्या बाबतीत. आणि माझी मामी थापा मारणाऱ्यांतली नाही. दुकानदाराने काट्यावर बोट टेकवलं, तर त्या बोटाचं वजन वजा करून पैसे देणारी बाई आहे ती.

रात्र नव्हती. कुत्रं रडत नव्हतं. भर दुपार होती, लख्ख ऊन होतं आणि मामी तराफ्याच्या कडेला पाय पाण्यात सोडून सफरचंद खात बसली होती.

तिथून हे सगळं सुरू झालं.

म्हणजे, तिला कळलं तिथून. सुरू कधी झालं, कोण जाणे...

जागा आधी समजून घ्या. गावाबाहेर एक जुनी दगडाची खाण आहे. दगड संपला, पंप बंद झाले आणि खाण हळूहळू पाण्याने भरली. चारी बाजूंनी सरळ तुटलेले कडे. मधे काळपट हिरवं पाणी. खोली तीस मीटरच्या वर. खाली इतकं गार, की वरच्या उन्हाची पाण्याला खबरच नसते.

तिथे माझ्या मामाने स्कूबा डायव्हिंगचे वर्ग काढले. पाठीवर हवेची टाकी, तोंडात रेग्युलेटर, पायाला पंख, ते सगळं. मामा माणसं खाली नेतो. मामी त्यांची हवा मोजते.

हसू नका. सगळा खेळ त्या मोजण्यावर आहे.

दहा मीटर खाली एक लोखंडी मचाण टांगलेलं आहे. नव्या माणसाला तिथे नेऊन बसवायचं. टाकीचा काटा बघायचा. दहा मिनिटं थांबायचं. पुन्हा काटा बघायचा. मधल्या वेळात गेली ती त्याची हवा. टाकी बारा लिटरची, तेव्हा काटा दाबाचा एक बार उतरला म्हणजे बारा लिटर गेली, आणि दहाने भागलं की मिनिटाचा हिशेब. आता दहा मीटरवर दाब वरच्या दुप्पट, म्हणून प्रत्येक श्वासाला हवाही दुप्पट लागते. तेव्हा आलेल्या आकड्याला दोनाने भागायचं. वीस मीटरवर मोजलं तर तिनाने. तीसवर चाराने. कुठेही मोजा, भागून उरतं ते तेवढंच. छाती तीच ना!

तो झाला त्या माणसाचा आकडा. मिनिटाला इतके लिटर. त्यावरून ठरतं, कोणी किती खोल जायचं आणि किती वेळ थांबायचं.

मामी माणसांना नावाने कमी आणि आकड्याने जास्त ओळखते. तिचं म्हणणं, माणूस तोंडाने काहीही सांगतो, हवेने खोटं बोलू शकत नाही.

एक धिप्पाड ठेकेदार आला होता. "भीती कशाशी खातात मला माहीत नाही!" म्हणत उतरला. आकडा आला पस्तीस. मामी त्याला शांतपणे म्हणाली, "कशाशी खातात ते राहू द्या. सध्या ती तुम्हाला खातेय."

एक जोडपं यायचं. नवरा शेजारी असला की बायकोचा आकडा बावीस. नवरा वर बसला की चौदा. तो हिशेब मामीने कुणाला सांगितला नाही. मला मात्र सांगितला.

मामीचा स्वतःचा आकडा तेरा. मामाचा सोळा, पण कुणी बघत असलं की बारा.

आणि माझ्या मामेबहिणीचा चोवीस.

इथे खरी रड होती. मुलगी पाण्यात माशासारखी, हातापायांत ताकद, डोकं थंड. पण हवा प्यायची ती तहानलेल्या म्हशीने हौद प्यावा तशी. मामा तिला लाडाने 'भाता' म्हणायचा. तिला मार्गदर्शकाची परवानगी हवी होती, म्हणजे बापाबरोबर वर्ग चालवता आले असते. त्याची परीक्षा तीस मीटरवर. आदल्या वर्षी ती त्यातच नापास झाली. परीक्षकाने वर आल्यावर तिचा काटा बघितला आणि म्हणाला, "मुली, तू पोहतेस छान. पण एवढ्या हवेत मी दोन माणसं परत आणतो."

त्या दिवशी ती जेवली नाही. नंतर वर्षभर रोज मचाणावर बसून श्वास लांबवायची. आकडा चोवीसवरून तेवीस. तेवीसवरून पुन्हा चोवीस.

आता टांगत्या टाकीबद्दल.

खोलवरून येणाऱ्याने एकदम वर यायचं नसतं. पाच मीटरवर थोडं थांबायचं, अंगात मुरलेला वायू निघू द्यायचा आणि मग वर. तेवढ्यात कुणाची हवा संपलीच तर? म्हणून तराफ्याखाली पाच मीटरवर एक जादा टाकी टांगलेली असते. रेग्युलेटर लावलेली, तोटी उघडी, तयार. ज्याला गरज पडेल त्याने तोंडात धरायचा आणि ओढायचं. सकाळी टांगायची, संध्याकाळी काढायची. वर्ष वर्ष तिला कुणी हात लावत नाही.

तिचा काटा दोनशे बारवर असतो. संध्याकाळीही दोनशेवरच असायला हवा.

नसायचा...

मामीच्या हे लक्षात न येतं तरच नवल. पहिल्यांदा एकशे नव्वद. मग एकशे साठ. एकदा तर शंभराच्या खाली.

"अहो, टांगती टाकी गळतेय."

"वॉशर गेला असेल," मामा म्हणाला.

वॉशर बदलला. टाकी तशीच.

मग मामीने ती रेग्युलेटरसकट पाण्याच्या हौदात बुडवून ठेवली. गळती असेल तर बुडबुडा दिसणारच. एक बुडबुडा आला नाही. आठवडाभर कोठीत ठेवली. काटा दोनशेवर ठाम.

पुन्हा टांगली. पुन्हा कमी.

"पोरं चोरून ओढत असतील गं. गंमत म्हणून," मामा म्हणाला.

हे मामीला पटलं. पोरांची जात तिला माहीत. म्हणून वर्गाला सुट्टी होती त्या दिवशी तिने डाव टाकला. मामा आणि मुलगी शहरात सामान आणायला गेले होते. खाणीच्या फाटकाला कुलूप. पाण्यात कुणी नाही. तिने टाकीला एक लांबलचक नळी जोडली. नळीच्या टोकाला काटा. टाकी पाच मीटर खाली, काटा वर तराफ्यावर, मांडीशी.

आणि सफरचंद घेऊन बसली.

दोनशे.

सफरचंद अर्धं झालं.

एकशे नव्वद...

मामीने चावणं थांबवलं. काट्यावर टिचकी मारली. काटा अडकला नव्हता. तो अगदी संथपणे, कुणाला घाई नसावी तसा, खाली येत होता.

तिने पाण्यात बघितलं. गळती असेल तर बुडबुडे येतील. पाणी काचेसारखं स्वच्छ आणि निवांत.

एकही बुडबुडा नाही.

मग तिने ती नळी उचलून कानाला लावली. का लावली, ते तिलाही सांगता येत नाही.

स्स्स्स...

शांतता.

स्स्स्स...

शांतता.

आता हे नीट समजून घ्या. रेग्युलेटर म्हणजे नळ नाही, सोडला की वाहायला. तो ओढल्याशिवाय हवा देत नाही. समोर छाती हवी. तिने आत ओढायला हवं.

आणि आत ओढलेलं बाहेरही यायला हवं. पाण्याखाली माणूस श्वास सोडतो तेव्हा बुडबुड्यांचा घोसच्या घोस वर येतो.

खाली कुणीतरी श्वास घेत होतं.

सोडत नव्हतं...

दुसरी बाई असती तर किंचाळत फाटकाकडे पळाली असती. मामीने घड्याळ काढलं.

वीस मिनिटं मोजली. काटा बावीस-तेवीसने उतरला. तिने तिथल्या तिथे बोटांवर भागाकार केला, पाच मीटर म्हणून शेवटी दीडने. मिनिटाला नऊ लिटर.

नऊ! इतकी कमी हवा मामीने आयुष्यात कुणाची मोजली नव्हती. इतक्यात माणूस फक्त झोपतो.

पण तिला अजून एक आशा होती. अजूनही ती गळतीच असेल, हौदात न दिसणारी, काहीतरी विचित्र. आणि ते तपासायचा उपाय तिच्याकडे होता.

गळतीला खोली कळत नाही. भोक तेवढंच, तर हवा तेवढीच जाणार, पाच मीटरवर ठेवा की वीसवर. छातीला मात्र खोली कळते.

तिने नळी काढली. टाकी दोरीने दहा मीटरवर सोडली. वीस मिनिटं थांबली. वर ओढून काटा पाहिला.

तीस बारने कमी. म्हणजे मिनिटाला अठरा लिटर.

दोनाने भागलं. नऊ.

पुन्हा सोडली. वीस मीटरवर. इथपर्यंत पोचलं की दोरी हातात काळी दिसते, तिचं टोक दिसत नाही. पुन्हा तेवढाच वेळ.

पंचेचाळीस. मिनिटाला सत्तावीस लिटर.

तिनाने भागलं...

नऊ.

जे काही होतं, ते टाकीबरोबर खाली गेलं होतं. आणि टाकीबरोबर वर येत होतं.

शेवटच्या वेळी टाकी ओढून घेताना दोरीला हलकीशी ओढ लागली. दगडात अडकल्यासारखी नाही. मामी सांगते, झोपलेल्या बाळाच्या तोंडातून दुधाची बाटली काढताना लागते ना, तेवढीच.

टाकी वर आली. लोखंड बर्फासारखं गार. दोरी गार.

तोंडात धरायचा रबरी भाग तिने बोटांत धरला.

कोमट होता...

संध्याकाळी मामा आला तेव्हा तिने सगळं सांगितलं. आकड्यांसकट. मामाने आधी चहा संपवला.

"अगं, गळतीच ती."

"गळतीला खोली कळत नाही, अहो."

मामाने रिकामा कप खाली ठेवला. ही गोष्ट त्यानेच तिला लग्नानंतर पहिल्या वर्षी शिकवली होती. मग म्हणाला, "पोरीची परीक्षा आठवड्यावर आली. आत्ताच तुला भूत सापडायचं होतं?"

"मी भूत म्हटलं नाही. मी नऊ म्हटलं."

"मग नऊच राहू दे. आणि तिला एक अक्षर बोलू नकोस. आधीच भाता आहे, घाबरली तर तीस होईल."

हे मात्र मामीला बिनतोड वाटलं. भीती सांगितली की हवा वाढते, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? पोरीच्या आकड्यात एकदोन लिटरसुद्धा जीवनमरणाचे होते. तिने तोंड शिवून घेतलं.

खाणीचा म्हातारा पहारेकरी जवळच राहायचा. दगड काढत होते तेव्हापासून तो तिथे. मामी त्याच्याकडे गेली.

"बाबा, इथे कधी कोणी बुडालं होतं?"

"कोणी नाही, बाई."

"नीट आठवा. एखादा कामगार, पोहायला आलेलं पोर..."

"पाणी भरलं तेव्हापासून मी बसलोय इथे. आत गेलेला प्रत्येक जण बाहेर आलेला मी बघितलाय." मग तो म्हणाला, "उलट एकदा मला वाटलं होतं, गेले त्यापेक्षा एक जास्त आला. पण माझे डोळे हे असे."

मामी घरी आली. तिला वाटलं होतं, निदान कुणाचं तरी नाव कळेल. नाव कळलं की माणूस दया तरी करू शकतो.

परीक्षा रद्द करता येत नव्हती. परीक्षक लांबून येणार होता, आणि या वर्षी हुकली तर मुलगी पुन्हा उभी राहिली नसती. टांगती टाकी न लावणंही शक्य नव्हतं, ती लागतेच. आणि ती अर्धी रिकामी असली, नेमकी गरज पडली, तर?

मामीने तिच्या पद्धतीने तोडगा काढला.

दोन टाक्या.

जुनी टाकी, लाल पट्टीची, नेहमीच्या जागी. तिच्यापासून तीन हातांवर नवी टाकी, पिवळ्या पट्टीची. दोन्हींना लांब नळ्या, दोन्हींचे काटे वर तराफ्यावर. लाल त्याची. पिवळी आपल्या माणसांची. ज्याचं त्याला मिळालं की भांडण कशाला, असा साधा हिशेब.

दोन दिवस तिने गुपचूप तपासून पाहिलं. लाल उतरायची. पिवळीला धक्का लागत नव्हता. ते जे काही होतं, ते आपल्या सवयीचं पक्कं होतं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी मुलगी पट्टे आवळत होती.

"आई, दोन का टांगल्यास?"

"असू दे. जास्त झाली म्हणून वाया जात नाही."

"माझ्यावर एवढा अविश्वास?"

"भात्यावर कोण विश्वास ठेवतं?" मामा मागून म्हणाला, आणि तिघंही हसली.

मामीने पोरीची टाकी तपासायच्या निमित्ताने तिच्या पाठीवर हात ठेवला. "हे बघ. गरज पडली तर पिवळी घे."

"हो गं."

"काय घेशील?"

"पिवळी, पिवळी. बाई गं, मी काय लहान आहे?"

परीक्षक, मामा आणि मुलगी, तिघं उतरले. बुडबुड्यांचे तीन घोस वर येत राहिले. मामीला बुडबुडे बघून ओळखता येतं कोण कुठे आहे. पोरीचे सगळ्यात मोठे, सगळ्यात दाट.

तिने दोन्ही काटे समोर ठेवले. पिवळा दोनशे. लाल एकशे ऐंशी, हळूहळू उतरता. नेहमीसारखा.

बराच वेळ काही झालं नाही.

मग पाणी उकळलं.

म्हणजे तसं दिसलं. एका जागी पांढरा फेस भसाभस वर येऊ लागला. मामीला कळलं. गार पाण्यात कधीकधी रेग्युलेटर गोठतो आणि उघडाच राहतो. टाकी दोन मिनिटांत रिकामी होते. फेस जिथे येत होता, तिथे पोरीचे बुडबुडे होते.

फेस थांबला.

आता वर येत होते फक्त दोन घोस...

मामी उभी राहिली. पुन्हा बसली. मामा पोरीला आपल्या टाकीतली हवा देत असणार. दोघं एका टाकीवर वर येत असणार. असं शिकवलेलं आहे, असंच करतात. पण एकटी पोरच चोवीस. घाबरलेली चोवीस म्हणजे किती? मामाची टाकी पाच मीटरपर्यंत पुरेल, पुढचं थांबणं नाही पुरणार.

घोस जवळ येत गेले. तराफ्याच्या खाली आले. पाच मीटरवर थांबले. तिला पाण्यातून दोघांचे आकार दिसले, आणि थोडा वर परीक्षक.

पोरीने बापाचा रेग्युलेटर सोडला. हात लांब केला.

डावीकडे.

लाल टाकीकडे...

"पिवळी!" मामी ओरडली. पाण्याखाली कोण ऐकणार? "अगं पिवळी, पिवळी!"

लहानपणापासून त्या पोरीला शिकवलं होतं, हवा संपली की लाल पट्टी शोध. कुणी शिकवलं होतं? मामीनेच. जीव घाबरा झाला की माणूस सकाळी ऐकलेलं विसरतो, लहानपणी ऐकलेलं आठवतो.

पोरीने तोंडात धरला.

लाल काटा धाडकन खाली येऊ लागला. मामीने आयुष्यभर काटे पाहिलेत, ती बघताक्षणी समजली. हा एका छातीचा वेग नाही. दोन आहेत. एक घाबरलेली, एक निवांत. एकाच टाकीला दोघं.

मामाने तेवढ्यात पिवळी घेतली होती. तो पोरीकडे बघून ठीक असल्याची खूण करत होता. पोरीने उलट खूण केली. ठीक.

मामीने पाण्यात उडी मारायची तयारी केली. एक पाय आत घातला.

आणि काट्याचा वेग कमी झाला.

आधी वाटलं, पोर शांत होतेय. बरं झालं. मग आणखी कमी झाला. मग आणखी. चोवीसच्या खाली. तेराच्या खाली. पोरीचे बुडबुडे विरळ होत गेले... लहान होत गेले...

काटा आता अगदी संथपणे उतरत होता. कुणाला घाई नसावी तसा.

मामीने घड्याळ बघितलंच नाही. तिला गरज नव्हती.

नऊ.

टाकीवर आता एकच छाती होती.

तिघं वर आले. मामाने आधी शिव्या दिल्या, मग मुलीला मिठी मारली. परीक्षकाने तोंडावरचा चष्मा काढला आणि म्हणाला, "गोठलेला रेग्युलेटर, तीस मीटर, आणि शेवटी इतकी शांत? मी असं पाहिलेलं नाही. पास. पास म्हणजे पास!"

पोर हसली. ओठ निळे पडले होते, पण हसणं नेहमीचं. मामीने तिला टॉवेलात गुंडाळलं.

"मी सांगितलं होतं ना, पिवळी घे म्हणून?"

"लालच हातात आली, आई."

"हात लांब करून घेतलीस. मी पाहिलं."

"नाही गं," मुलगी केस पुसत म्हणाली, "मी हात पुढे केला आणि ती आलीच."

दुसऱ्या आठवड्यात मामा तिला हौसेने मचाणावर घेऊन गेला. दहा मिनिटं. वर येऊन त्याने भागाकार तीनदा केला. मग मामीला हाक मारली. आवाज फाटला होता आनंदाने.

"अगं, भात्याचा आकडा बघ! नऊ! पोरीने मला लाजवलं!"

पुन्हा मोजला. नऊ. थकवून मोजला. नऊ. पोहायला लावून मोजला, पोहताना प्रत्येकाचा वाढतो, निसर्गनियम आहे.

नऊ.

लांबून लोक तिच्याकडे शिकायला यायला लागले. श्वास कसा लांबवायचा, ते तिला विचारतात. ती हसून सांगते, "काही नाही हो, घाई करायची नाही."

आणि टांगती टाकी? सकाळी दोनशे, संध्याकाळी दोनशे. काटा तसूभर हलत नाही. "बसला एकदाचा वॉशर," मामा म्हणतो.

मी मधे चार दिवस राहून आलो. बहीण तशीच आहे. तशीच माझी टर उडवते, तशीच माझ्या ताटातलं पळवते. कुणाला काही सांगायला जावं तर काय सांगणार? की मुलगी सुधारली, म्हणून आम्हाला भीती वाटते?

पण एका दुपारी मामीने मला खुणेने बोलावलं. बहीण सोफ्यावर झोपली होती. आम्ही दारात उभे राहिलो. तिची छाती वर गेली.

आम्ही थांबलो.

खाली येताना आम्हाला दिसली नाही. मग पुन्हा वर गेली...

मी म्हटलं, आपलं लक्ष नसेल. मामी म्हणाली, "माझं?"

मी निघायच्या आदल्या दिवशीची गोष्ट. मामी तराफ्यावर टाकी टांगायची तयारी करत होती. लाल पट्टीची. बहीण मागून आली. त्या टाकीबद्दल तिला आजपर्यंत कुणी काही सांगितलेलं नाही. मामाने नाही, मामीने नाही, मी तर नाहीच. मी शेजारी उभा राहून ऐकलंय.

ती म्हणाली, "कशाला उगाच टांगतेस रोज, आई? खाली आता कोणी नाही."

मामीच्या हातातून दोरी सुटली. टाकी पाण्यात गेली, थेट तळापर्यंत. अजून तिथेच आहे. काढायला कोणी गेलेलं नाही.

परवा मामीचा फोन आला. अगदी दबक्या आवाजात. म्हणाली, "मी तिच्याबरोबर खाली उतरून बुडबुडे मोजणार आहे. श्वास घेतलेले किती आणि सोडलेले किती. पण माझे आणि तिचे मिसळतात. वर बसून बघायला एक माणूस हवा. तू येशील?"

मी काही बोलायच्या आत मागून बहिणीचा आवाज आला. हसरा. मोकळा. नेहमीचा.

"कोण, दादा का? त्याला म्हणावं, ये की! आणि वर कशाला बसतोस, माझ्याबरोबर खाली चल. तुझी हवा मोजून किती दिवस झाले..."

फोन कट झाला. कुणी केला, ते कळलं नाही.

मी अजून गेलेलो नाही.